विश्लेषण : ऑनलाइन पुस्तकविक्रीत खप असूनही तोटा का होतो? कोणती पुस्तके ठेवायची, हे कसे ठरते?

छापील किंमत २०० रुपये. ग्राहकाला १० टक्के सवलत, शिवाय घरपोच सेवा मोफत. मोबाइलवर ऑर्डर आली, पुस्तक तीन दिवसांत पोहोचले, ग्राहकाने पाच तारेही दिले. मात्र हिशेब मांडला, तेव्हा विक्रेत्याच्या खिशातून ३५ रुपये गेल्याचे लक्षात आले. पुस्तक चांगले, मागणी खरी, सेवा वेळेत, तरीही तोटा. ऑनलाइन पुस्तकविक्री सुरू करणाऱ्या अनेक छोट्या दुकानदारांना आणि प्रकाशकांना पहिल्या वर्षात हाच अनुभव येतो. यामागे बहुतेक वेळा जाहिरात किंवा वेबसाइट नव्हे, तर पुस्तकांची निवड असते. ही निवड नेमकी कशी केली जाते आणि ती चुकते कुठे, ते समजून घेऊया.

ऑनलाइन दुकानात निवडीचा प्रश्न येतोच कुठे?

प्रत्यक्ष दुकानात जागा मर्यादित असते. कपाटात हजार पुस्तके मावत असतील तर हजारच ठेवता येतात. वेबसाइटवर मात्र एक लाख पुस्तकांची नोंद करता येते. त्यामुळे ‘सगळेच ठेवू’ असा मोह होतो. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे यादी, अर्थात ग्राहकाला दिसणारी पुस्तके. दुसरी गोष्ट म्हणजे साठा, अर्थात आपण पैसे मोजून आणून ठेवलेल्या प्रती. यादी वाढवायला फारसा खर्च येत नाही. साठा वाढवला की भांडवल अडकते.

ॲमेझॉनची सुरुवात या फरकाचे उत्तम उदाहरण आहे. जेफ बेझोस यांनी जुलै १९९५ मध्ये सिएटलमधून पुस्तकविक्री सुरू केली. पुस्तकेच निवडण्याचे कारण व्यवहारी होते. छापील पुस्तकांची संख्या लाखोंच्या घरात असते आणि कोणत्याही एका दुकानात ती मावत नाहीत. सुरुवातीला कंपनीकडे साठा जवळपास नव्हताच. ऑर्डर आली की घाऊक वितरकाकडून पुस्तक मागवायचे आणि पुढे पाठवायचे. अडचण एवढीच होती की वितरक एका वेळी किमान १० पुस्तकांची ऑर्डर घेत. त्यावरची युक्ती बेझोस यांनीच नंतर सांगितली आहे. वितरकाच्या यादीत लायकेनवरचे एक पुस्तक होते, पण ते कायम ‘शिल्लक नाही’ असे. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल हे लायकेनच. कंपनी हव्या त्या एका पुस्तकासोबत या दगडफुलाच्या पुस्तकाच्या नऊ प्रती मागवी. हवे ते पुस्तक यायचे आणि सोबत ‘उरलेल्या नऊ प्रती उपलब्ध नाहीत’ अशी चिठ्ठी.

भारतात २००७ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या फ्लिपकार्टनेही आरंभ पुस्तकांपासूनच केला आणि सुरुवातीला ऑर्डर आल्यावर पुस्तक मिळवून पाठवण्यावरच भर होता. म्हणजे आज अवाढव्य गोदामे असलेल्या कंपन्यांनीही आधी यादी मोठी ठेवली आणि साठा जवळपास ठेवलाच नाही. छोटा विक्रेता नेमके उलटे करतो. कर्ज काढून दोन-तीन लाखांची पुस्तके भरतो आणि मग ग्राहकाची वाट पाहतो.

‘लाँग टेल’ काय आहे? त्यावर विसंबता येते का?

पत्रकार ख्रिस अँडरसन यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात ‘लाँग टेल’, म्हणजे लांब शेपटीची कल्पना मांडली. खपाचा आलेख काढला तर डावीकडे काही मोजक्या पुस्तकांचा उंच डोंगर दिसतो आणि उजवीकडे कधीतरीच खपणाऱ्या असंख्य पुस्तकांची लांबच लांब शेपटी. दुकानात जागा नसल्याने शेपटी दिसत नाही. इंटरनेटवर ती दिसते आणि सगळी मिळून तिचा खप मोठा होतो, असा हा युक्तिवाद. पुढे २००८ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापक अनिता एल्बर्स यांनी त्याला आव्हान दिले. ऑनलाइन जगातही खप मोजक्या लोकप्रिय वस्तूंकडेच एकवटतो, असे त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले.

छोट्या विक्रेत्याने यातून काय घ्यावे? शेपटीचा फायदा लाखो नोंदी सांभाळू शकणाऱ्या मोठ्या कंपनीला होतो. दोन हजार पुस्तके ठेवणाऱ्याकडे शेपटीतले नेमके तेच पुस्तक असण्याची शक्यता फार कमी. दुसरीकडे, डोंगराच्या शिखरावरच्या पुस्तकांत सवलतीची जीवघेणी स्पर्धा. त्यामुळे छोट्याने सगळी शेपटी धरण्यापेक्षा तिचा एखादा तुकडा पूर्ण धरावा, हे अधिक शहाणपणाचे. शेती, लोकसाहित्य, गडकिल्ले, बालसाहित्य, संगीत किंवा एखाद्या जिल्ह्याचा इतिहास असा एक विषय घ्यायचा आणि त्यातले शक्य ते सर्व आपल्याकडे मिळेल, अशी ओळख करायची.

२०० रुपयांच्या पुस्तकात तोटा कसा होतो?

समजा, पुस्तकाची छापील किंमत २०० रुपये आणि वजन १५० ग्रॅम आहे. प्रकाशकाकडून ते ३५ टक्के सवलतीने, म्हणजे १३० रुपयांना मिळाले. ग्राहकाला १८० रुपयांना विकले. मार्केटप्लेसचे कमिशन आणि इतर शुल्क २५ रुपये, पुठ्ठा-चिकटपट्टीचे पॅकिंग १० रुपये, कुरिअर ५० रुपये धरू. एकूण खर्च झाला २१५ रुपये. हातात आले १८०. तोटा ३५ रुपये.

आता ६०० रुपयांचे पुस्तक घ्या. खरेदी ३९० रुपये, विक्री ५४० रुपये, शुल्क ६०, पॅकिंग १०, कुरिअर तेच ५०. खर्च ५१०, नफा ३० रुपये. सवलतीची टक्केवारी तीच, पण निकाल उलटा. याचे कारण कुरिअर आणि पॅकिंग हे खर्च पुस्तकाच्या किमतीवर नव्हे, वजनावर आणि आकारावर ठरतात. कुरिअरचे दर साधारण ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतात. म्हणून १५० ग्रॅमच्या पुस्तकालाही अर्ध्या किलोचे भाडे पडते.

यावर तोडगा म्हणजे संच. एकाच लेखकाची किंवा विषयाची २०० रुपयांची तीन पुस्तके एकत्र विकली, तर वजन पॅकिंगसह अर्ध्या किलोच्या आत राहते आणि हिशेब ६०० रुपयांच्या पुस्तकासारखाच होतो. तीन वेगळ्या ऑर्डरींत मिळून १०५ रुपये तोटा. तीच पुस्तके एका पुडक्यात गेली तर ३० रुपये नफा. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण हा तक्ता प्रत्येक पुस्तकासाठी मांडल्याशिवाय ते यादीत घेऊ नये. ‘किती टक्के सुटतात’ यापेक्षा ‘एका ऑर्डरमागे किती रुपये उरतात’ हा प्रश्न महत्त्वाचा.

मोठ्या आकाराच्या पुस्तकांबाबत आणखी एक सापळा आहे. कुरिअर कंपन्या आकारमानावरूनही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५ हजारने भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा हे जास्त आले तर त्यावर पैसे घेतात. चित्रांची मोठी, हलकी बालपुस्तके मोठ्या खोक्यातून पाठवली की नफा खोक्यातच जातो.

टपाल आणि कराचा निवडीशी काय संबंध?

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. शैक्षणिक तसेच सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ही सेवा असून, सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे जाहीर झाले. पाकिटाचा मागोवा ऑनलाइन घेता येतो, पण वाहतूक रस्ते-रेल्वेने होत असल्याने वेळ जास्त लागतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे आणि जाहिराती असलेल्या व्यापारी स्वरूपाच्या प्रकाशनांना ही सवलत नाही.

वरचेच २०० रुपयांचे पुस्तक विक्रेत्याने स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा व्हॉट्सॲपवरून विकले आणि ज्ञान पोस्टने पाठवले तर? खरेदी १३०, पॅकिंग १०, टपाल करासह सुमारे २४, ऑनलाइन पेमेंटचा खर्च ४ रुपये धरला तर एकूण १६८. विक्री १८० रुपयांना झाली, तर १२ रुपये उरतात. म्हणजे एकच पुस्तक एका मार्गाने तोट्याचे आणि दुसऱ्या मार्गाने नफ्याचे असू शकते. पुस्तक निवडताना ते कुठून विकणार आणि कसे पाठवणार, हे सोबतच ठरवावे लागते. सडपातळ कवितासंग्रह टपालाने, जाडजूड कादंबऱ्या आणि संच मार्केटप्लेसवर, अशी विभागणी त्यातूनच होते.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. केवळ करमुक्त पुस्तकेच विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र मार्केटप्लेस आपल्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी आकारते आणि पुस्तकांवर करच नसल्याने विक्रेत्याला त्याची वजावट मिळत नाही. तो थेट खर्च समजावा. वाढीव विक्रीसाठी पेन, मग, खेळणी यादीत जोडली की चित्र बदलते. नोंदणीचे नियम नव्याने तपासावे लागतात. पुस्तक आणि मग असा संच एकाच किमतीत विकला, तर संपूर्ण संचावर त्यातील सर्वाधिक दराचा कर लागू शकतो.

मराठी पुस्तकांची मागणी कशी चालते?

मागणीचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात आणि प्रत्येकासाठी साठ्याचा नियम वेगळा आहे.

बारमाही : ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘कोसला’, ‘व्यक्ती आणि वल्ली’, ‘श्रीमान योगी’ यांसारखी पुस्तके वर्षभर थोडी थोडी खपत राहतात. ती यादीत हवीतच, कारण ती नसतील तर ग्राहकाला दुकान अपुरे वाटते. पण ती सगळ्यांकडे असतात. म्हणून थोड्या प्रती ठेवायच्या आणि वारंवार मागवायच्या.

हंगामी : मराठी पुस्तकांचे स्वतःचे पंचांग आहे. जूनमध्ये शालेय पुस्तके. आषाढीच्या सुमारास हरिपाठ आणि गाथा. श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ आणि ‘शिवलीलामृत’. गणपतीत आरतीसंग्रह. दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी ‘गुरुचरित्र’. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताची पोथी तर एकेकटी विकणे ऑनलाइन परवडतच नाही, पण उद्यापनाला सुवासिनींना वाटण्यासाठी ती एकदम अनेक प्रतींत लागते. तिथे ११ प्रतींचा गठ्ठा हेच खरे उत्पादन. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांत दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल फुललेले असतात. आंबेडकरी साहित्याची ही मागणी ऑनलाइनही त्याच सुमारास वाढते. दिवाळी अंक हा याच गटातला सर्वात नाशवंत माल. दिवाळीपूर्वी हातोहात जाणारा अंक डिसेंबरात निम्म्या किमतीलाही जड जातो. हंगामी मालात एकच नियम : दिवस संपण्याआधी साठा संपला पाहिजे. थोडी मागणी परत गेली तरी चालेल.

लाट : चित्रपट, पुरस्कार, संमेलन किंवा एखादी बातमी यामुळे अचानक उसळणारी मागणी. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला आणि शिवाजी सावंत यांची जुनी कादंबरी पुन्हा चर्चेत आली. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तारा भवाळकर दिल्लीतील ९८ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांच्या पुस्तकांकडेही नवे वाचक वळले. लाटेत दोन चुका होतात. पहिली, लाट आल्यावर मागवणे. दुसरी, लाट ओसरत असताना मोठी खरेदी करणे. चित्रपटाची तारीख आधीच माहीत असते. म्हणून प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी बेताची खरेदी करावी आणि पुढची खरेदी रोजच्या विक्रीचा आकडा पाहूनच करावी.

तुरळक : बोलीभाषेचा कोश, एखाद्या गावाचा इतिहास, रागदारीवरचा ग्रंथ, मधमाशीपालनाची माहितीपुस्तिका. वर्षाला तीन-चार प्रती जातील, पण ज्याला हवे असते तो ग्राहक सवलत विचारत नाही आणि इतरत्र पर्यायही नसतो. यांची यादी मोठी ठेवावी, साठा शून्य किंवा एक प्रत. ऑर्डर आल्यावर प्रकाशकाकडून आणून पाठवायचे आणि ‘पाठवण्यास आठ दिवस लागतील’ असे आधीच स्पष्ट लिहायचे.

एकाच पुस्तकाचे दहा विक्रेते असतील तर?

मार्केटप्लेसवर एका पुस्तकाचे एकच पान असते आणि त्याखाली अनेक विक्रेते असतात. ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण दाबले की बहुतेक ऑर्डरी एकाच विक्रेत्याकडे जातात. किंमत, पोहोचण्याचा वेग आणि विक्रेत्याची कामगिरी यांवर तो विक्रेता ठरतो. १० जण तेच पुस्तक विकत असतील तर किंमत घसरत घसरत खरेदीभावाला टेकते. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सवलत ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली आहे. भारतात तशी मर्यादा नाही. त्यामुळे मोठा विक्रेता तोटा सोसून सवलत देऊ शकतो. छोट्याला ते झेपत नाही.

स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांत ही स्पर्धा आणखी तीव्र होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. बाजारात तिच्या अनेक आवृत्त्या आहेत. कागद, अक्षराचा आकार, शुद्धलेखन आणि किंमत यांत मोठा फरक असतो. इथे सर्वात स्वस्त आवृत्ती निवडण्याची घाई नको. पारदर्शक कागदावर बारीक टायपात छापलेली प्रत परत येते आणि परतीचे भाडेही विक्रेत्याच्या माथी बसते. शाळेत बक्षीस म्हणून देता येईल अशी एक चांगली आवृत्ती निवडून, तिचे मोठे फोटो टाकून ती विकणे अधिक फायद्याचे. याउलट वि. स. खांडेकर यांचे निधन १९७६ चे. त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०३६ अखेरपर्यंत शाबूत आहे. तिथे अधिकृत आवृत्तीच हवी.

मागणी आहे की नाही, हे पैसे घालण्याआधी कसे ओळखायचे?

जुन्या दुकानांत गल्ल्याजवळ एक वही असे. ग्राहकाने विचारलेले आणि दुकानात नसलेले पुस्तक त्या वहीत लिहिले जाई. एकाच पुस्तकाचे नाव तीनदा आले की ते मागवले जाई. ऑनलाइन दुकानात ही वही आपोआप तयार होते. ग्राहकाने वेबसाइटवर काय शोधले आणि ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर कशाला मिळाले, याची नोंद सर्व्हरवर ठेवता येते. बहुतेक विक्रेते ती उघडून पाहत नाहीत. दर सोमवारी ही यादी काढली, तर पुढच्या महिन्यात काय आणायचे, याचे निम्मे उत्तर त्यात मिळते.

मात्र मराठीत ही यादी जपून वाचावी लागते. कोणी ‘मृत्युंजय’ देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरांत, आणि इंग्रजीत लिहिताना ‘मृ’साठी कोणी आय वापरतो, कोणी यू. ‘स्वामी’ असे शोधणाऱ्याला रणजित देसाईंची कादंबरी हवी असेल, स्वामी समर्थांची पोथी हवी असेल किंवा विवेकानंदांचे चरित्र. अनेकदा पुस्तक दुकानात असते, पण नोंदीत एकच लेखनपद्धत असल्याने ते सापडत नाही. मग विक्रेता ‘हे खपत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढतो. एखादे पुस्तक यादीतून काढण्यापूर्वी ते शोधल्यावर दिसते का, हे स्वतः मोबाइलवर तपासावे.

मार्केटप्लेसवरचा विक्रीक्रमांक हाही संकेत आहे. आकडा जितका लहान तितका खप जास्त. पण तो सतत बदलतो. क्वचित खपणाऱ्या पुस्तकाची एक प्रत विकली गेली तरी क्रमांक एकदम वर उडी मारतो. त्यामुळे एका दिवसाचा क्रमांक पाहून खरेदी करू नये. तीन-चार आठवडे नोंद ठेवावी.

प्रती किती मागवाव्यात?

यासाठी सोपे गणित आहे. पुस्तक रोज सरासरी एक प्रत खपते आणि प्रकाशकाकडून माल यायला सात दिवस लागतात, असे समजू. अडीअडचणीसाठी पाच प्रती जास्त धरल्या तर साठा १२ वर आला की नवी ऑर्डर द्यायची. पुण्यातील अप्पा बळवंत चौकापासून चार गल्ल्यांवर असलेल्या विक्रेत्याला माल एका दिवसात मिळतो. त्याला सहा प्रतीही पुरतात. गडचिरोलीतील विक्रेत्याला तेच पुस्तक जास्त प्रमाणात ठेवावे लागते. म्हणून दुसऱ्याच्या यादीची नक्कल करताना दुसऱ्याच्या साठ्याची नक्कल करू नये.

दुसरे गणित फेऱ्यांचे. एका पुस्तकात ३९० रुपये गुंतवून ३० रुपये सुटतात, पण ते दर महिन्याला विकले जाते. वर्षाला नफा ३६० रुपये. दुसऱ्यात तेवढेच पैसे घालून १५० रुपये सुटतात, पण ते वर्षातून एकदाच जाते. वरवर दुसरे पुस्तक फायद्याचे वाटते. पैसा मात्र पहिल्याने जास्त मिळवून दिला. साठ्याची यादी दर तीन महिन्यांनी तपासावी. सहा महिन्यांत एकही प्रत न हललेली पुस्तके वेगळी काढून ती संचात टाकावीत, प्रकाशकाला परत करावीत किंवा खरेदीभावात मोकळी करावीत. परतीची बोली खरेदीच्या वेळीच ठरवून घ्यावी. नव्या, अनोळखी प्रकाशकाची ५० पुस्तके जास्त सवलतीने घेण्यापेक्षा परतीच्या बोलीवर कमी सवलतीने १० घेणे बरे.

कोणती पुस्तके टाळावीत?

पहिला गट स्पर्धा परीक्षांच्या जुन्या आवृत्त्यांचा. या पुस्तकांना मागणी मोठी आणि किंमतही चांगली, म्हणून अनेक जण त्यापासूनच सुरुवात करतात. पण इथे पुस्तकाचे आयुष्य आयोगाच्या हातात असते. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाले आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या तयारीसाठीचा साठा ज्यांच्याकडे होता, त्याची किंमत उतरली. अशी पुस्तके ठेवायचीच असतील तर एका जाहिरातीपुरती ठेवावीत.

दुसरा गट बनावट प्रतींचा. गाजलेली प्रेरणादायी पुस्तके संशयास्पद स्वस्त दराने देऊ करणारे घाऊक पुरवठादार भेटतात. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय मार्केटप्लेसवरचे खाते बंद होते ते वेगळेच. बिल न देणाऱ्याकडून पुस्तक घेऊ नये, हा सर्वात सोपा नियम.

तिसरा गट अर्धवट माहितीच्या पुस्तकांचा. पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला आणि बांधणीला स्वतंत्र आयएसबीएन असतो. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे. कापडी बांधणीचा क्रमांक टाकून साध्या बांधणीची प्रत पाठवली की ग्राहक ती परत करतो आणि ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. जुन्या मराठी पुस्तकांना तर अनेकदा आयएसबीएनच नसतो. अशा वेळी आवृत्ती, वर्ष, पृष्ठसंख्या, वजन आणि मलपृष्ठाचा फोटो स्वतः नोंदवण्याची तयारी नसेल, तर ते पुस्तक यादीत घेऊ नये.

छोट्या विक्रेत्याला संधी कुठे आहे?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण पुस्तकांच्या दुकानांचे जाळे पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांपुरतेच दाट आहे. अनेक तालुक्यांत पुस्तकाचे दुकान म्हणजे वह्या-गाइडचे दुकान. तिथल्या वाचकाला मोबाइल हाच पुस्तकांचा बाजार आहे आणि मोठ्या मार्केटप्लेसवर त्याला बहुधा तीच ठरावीक पुस्तके दिसत राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी निघणारी छोटी प्रकाशने, लेखकाने स्वखर्चाने काढलेली चांगली पुस्तके, महाविद्यालयांनी काढलेले संशोधनग्रंथ त्या यादीत सहसा नसतात. अशा पुस्तकाची अचूक नोंद करणे हेच इथले मोठे काम आहे. ते एकदा केले की पुढची कित्येक वर्षे त्या पुस्तकाचा शोध आपल्याच दुकानात येऊन थांबतो.

सुरुवात करणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांसाठी एक विषय निवडावा, त्यातील २०० ते ३०० पुस्तकांची यादी करावी, त्यांपैकी ३० ते ४० पुस्तकांचाच साठा ठेवावा आणि प्रत्येकाचा ऑर्डरमागचा हिशेब मांडावा. न सापडलेल्या शोधांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. तीन महिन्यांनी साठ्यातील कोणती पुस्तके बाहेर काढायची आणि यादीतील कोणती साठ्यात घ्यायची, याचे उत्तर त्या हिशेबात आणि त्या वहीत मिळेल. सुरुवातीला सांगितलेले २०० रुपयांचे पुस्तक यादीतून काढण्याची गरज नाही. ते संचात बसवायचे की टपालाने पाठवायचे, एवढे ऑर्डर येण्याआधी ठरलेले असले की पुरे.